हजेरीचा रुपया

शाळेची घंटा होते. प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा असा परिपाठ आटोपतो आणि मुले रांगेने वर्गात येऊन बसतात. मग गुरुजी किंवा बाई मेजावरचे लांबट हजेरीपत्रक उघडतात आणि एकेक नाव पुकारू लागतात. 'हजर' म्हणणारा प्रत्येक आवाज निराळा असतो. एखाद्या नावाला उत्तर येत नाही. बाई क्षणभर मान वर करून पाहतात, त्या चौकटीत खूण करतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. महिनाअखेर या खुणांची बेरीज होते, सरासरी निघते आणि ती मुख्याध्यापकांच्या सहीनिशी वरच्या कार्यालयात जाते.

शाळेचे यश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेल्या मुलांची छायाचित्रे, क्रीडास्पर्धांतील ढाली आणि स्नेहसंमेलनातील टाळ्या. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु प्राथमिक शाळेचा खरा इतिहास ढालींच्या कपाटात नसून हजेरीपत्रकात आहे, असे आम्हांला वाटते. जे मूल आज आले नाही ते का आले नाही आणि ते यावे म्हणून कोणी काय केले, हा प्रश्न गेली तीनशे वर्षे शिक्षकांना, राज्यकर्त्यांना आणि संतांनाही पडत आला आहे. आज आपण ज्या नवी मुंबईत राहतो, तिथे तो सुटला आहे असे समजण्याचे कारण नाही. म्हणून या प्रश्नाची हकीकत थोडी मागे जाऊन पाहू या.

प्रथम शाळेच्या आठवड्याविषयी. सोमवार ते शुक्रवार पूर्ण शाळा, शनिवारी सकाळची अर्धी शाळा आणि रविवारी सुट्टी, ही घडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती अनादि काळापासून चालत आली असावी असे वाटते. वस्तुतः जुन्या पंतोजींच्या शाळेला आपल्यासारखा आठवडाच नव्हता. तिथे सुट्टी तिथीप्रमाणे असे. अमावास्या, पौर्णिमा, सणवार या दिवशी धुळाक्षरांची पाटी विसावा घेई. इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा व मिशनरी शाळा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर रविवारची सुट्टी आली. कष्टकऱ्यांच्या वाट्याला मात्र ती फार उशिरा आली. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी जाहीर झाली. प्रभूचा दिवस म्हणून आपण जो दिवस पाळतो, तो गिरणगावातील बापाला आपल्या मुलाशेजारी बसण्याचा दिवस ठरला. शाळेचा आठवडा आणि घरचा आठवडा यांची सांगड बसणे हे हजेरीच्या दृष्टीने किती महत्त्वाचे असते, हे यावरून ध्यानात यावे. जिथे आईबापांच्या कामाला वार नाही, तिथे मुलाच्या शाळेलाही वार उरत नाही.

हा प्रश्न ज्यांनी फार आधी ओळखला, त्यांत आपल्या ख्रिस्तसभेतील एक संत आहेत. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल (१६५१-१७१९) यांनी फ्रान्समधील गरीब कारागिरांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा काढल्या. १९०० साली त्यांना संतपद मिळाले आणि १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. शाळा कशी चालवावी याविषयी त्यांनी व त्यांच्या बंधूंनी मिळून जो ग्रंथ सिद्ध केला, तो १७२० साली छापला गेला. त्यात गैरहजेरीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. वर्गातीलच काही विश्वासू मुलांना, न आलेल्या मुलांच्या घरी जाऊन चौकशी करण्याचे काम नेमून द्यावे, अशी व्यवस्था त्यात सांगितली आहे. गैरहजेरीची कारणे कधी मुलात असतात, कधी आईबापांत असतात, तर कधी खुद्द शिक्षकात असतात, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मुलाला गुरुजींविषयी जिव्हाळा वाटत नसेल तर ते शाळा टाळते, हे संतांनी शिक्षकांच्या तोंडावर सांगितले. पोटासाठी मुलाला कामावर धाडणाऱ्या गरीब बापाला धमकावू नये. लिहिता-वाचता येणारा मुलगा पुढे कोणत्याही कामाला लायक होतो, हे त्याला पटवून द्यावे, असा त्यांचा उपदेश आहे. शिक्षेआधी चौकशी आणि चौकशीसाठी घरभेट, हा त्यांचा मार्ग.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. शेतकऱ्यांच्या घामातून सरकारी तिजोरी भरते, पण तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. शिक्षक कसा असावा याविषयीही ते बोलले. प्रसंगी नांगर धरण्याची किंवा सुताराचे हत्यार चालविण्याची ज्याला लाज वाटत नाही, असा माणूस त्यांना शिक्षक म्हणून हवा होता. ज्याच्या घरी जायचे त्या घराची शिक्षकाला ओळख असावी, हाच त्यामागचा विचार.

ब्रिटिश सरकारने ही सक्ती मनावर घेतली नाही. ती प्रथम आणली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून आणि १९०६ साली सबंध संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. त्यांची मागणी अगदी सावध होती. सरसकट सक्ती त्यांनी मागितली नव्हती. जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तिथेच स्थानिक संस्थांना सक्तीचा अधिकार द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, पण तोही नगरपालिकांपुरताच होता.

दरम्यान कोल्हापुरात एक वेगळीच गोष्ट घडली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी गरिबाला एक रुपया फार मोठा होता. राजाने रयतेच्या खिशात हात घातला तो कर गोळा करण्यासाठी नव्हे, तर तिचे मूल शाळेच्या दारात आणण्यासाठी. हा दंडाचा रुपया वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला दुसरा एक रुपया भेटणार आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४५व्या कलमाने सांगितले की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. म्हणजे १९६० साल उजाडेपर्यंत. त्या साली ठाणे ते बेलापूर या पट्ट्यातील चित्र काय होते? वाशी, जुहू, कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, करावे, दिवाळे ही आगरी-कोळी वस्तीची गावे होती. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हा त्यांचा चरितार्थ. अशा गावांत शाळेचा जून उजाडतो तो पेरणीबरोबर, आणि लावणीच्या दिवसांत मोठी मुले बांधावर असतात, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी असतात. हजेरीपत्रकातील रिकाम्या चौकटी पाहूनच शेतीचे वेळापत्रक सांगता यावे, अशी ही स्थिती. चूक कोणाचीच नसते; शाळेचे पंचांग एक आणि पोटाचे पंचांग दुसरे, इतकेच.

मग हे पंचांगच बदलले. साठच्या दशकात पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उभे राहिले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. नव्या शहराचा आराखडा मोठ्या विचाराने केलेला होता. दर पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा असावी, मुलाला रहदारीचा रस्ता न ओलांडता चालत शाळेत जाता यावे, असे नियोजन होते. कागदावर प्रत्येक मुलासाठी बाक होता.

मात्र शहर बांधणारे हात त्या कागदावर नव्हते. डोंगरकुशीतल्या दगडखाणींत, इमारतींच्या पायांत, कारखान्यांच्या भिंतींलगत दुष्काळी जिल्ह्यांतून व परप्रांतांतून माणसे येऊन राहिली. दिघा, चिंचपाडा, इंदिरानगर, तुर्भे स्टोअर या वस्त्या अशा वाढल्या. इथल्या मुलाची गैरहजेरी लावणीच्या महिन्यापुरती नव्हती. इमारत उभी राहिली की बिऱ्हाड हलणार आणि मुलाचे नाव एका शाळेच्या पटावर राहून मूल भलत्याच ठिकाणी जाणार. पुष्कळदा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायलाही सवड मिळत नाही आणि दाखल्यावाचून नव्या शाळेच्या दारात आईबापांचे पाऊल अडखळते.

नवी मुंबईच्या इतिहासात १९९२ हे साल मोठे महत्त्वाचे आहे. १७ डिसेंबर १९९१ रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि १ जानेवारी १९९२ पासून तिचा कारभार सुरू झाला. मे महिन्यात मानखुर्दहून खाडी ओलांडून पहिली लोकल गाडी वाशीला आली. पट्ट्यातील गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा पुढे महापालिकेकडे आल्या आणि मराठीबरोबर हिंदी, उर्दू व इंग्रजी माध्यमांचे वर्गही तिथे भरू लागले. याच १९९२ साली महाराष्ट्र शासनाने एक योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व भटक्या विमुक्त कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता द्यावा, अशी ती योजना.

हा दुसरा रुपया. १९१७ साली गैरहजेरीचा दंड म्हणून महिन्याला एक रुपया. १९९२ साली हजेरीचा भत्ता म्हणून दिवसाला एक रुपया. पाऊणशे वर्षांत राज्याची दृष्टी किती पालटली, हे या दोन रुपयांवरून दिसते. पहिल्या रुपयामागे विचार असा की, बाप मुलाला अडवून धरतो, त्याला धाक दाखवावा. दुसऱ्यामागे असा की, मुलीला शाळेत धाडल्याने घरचे जे नुकसान होते, त्यातला अल्पसा भाग तरी भरून द्यावा. दुसरा विचार निश्चितच अधिक दयाळू आहे. पण २०२२ साली योजनेला तीस वर्षे झाली तेव्हाही तो रुपया रुपयाच राहिला होता. वर्षाचे २२० दिवस धरले तर २२० रुपये. तीस वर्षांत भाकरी महागली, वही महागली, बसचे तिकीट महागले. गरिबाच्या लेकीच्या हजेरीची किंमत मात्र कोणी वाढविली नाही.

पैशापेक्षा अन्नाने अधिक काम केले. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. आरंभी शिजविलेले अन्न नव्हते. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत आणि त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट असे. ही अट वरवर योग्य वाटते. पण ज्या घरी अधिक दारिद्र्य, तिथल्या मुलाची हजेरी कमी; म्हणजे ज्याला तांदळाची निकड जास्त, तोच अटीत बसत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला आणि पुढे मधल्या सुट्टीत खिचडीचा वास दरवळू लागला. आज आलेल्या मुलाला आज जेवण, एवढाच हिशेब उरला. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून प्रदीर्घ काळ शाळा बंद राहिल्या तेव्हा पुन्हा शिधा घरी गेला. परंतु पंगतीतला सोबती आणि वाढणाऱ्या मावशींचा हात घरी जाऊ शकत नव्हता. घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, अशा मुलांच्या हजेरीचे त्या काळात काय झाले, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. शाळेला शिक्षक किती मिळायचे, अनुदान किती मिळायचे, हे पटावरील संख्येवर ठरते. त्यामुळे पटावर नावे आहेत पण वर्गात मुले नाहीत, असा प्रकार कित्येक ठिकाणी वाढला. नांदेड जिल्ह्यात तपासणी झाली आणि पाठोपाठ ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदाराप्रमाणे मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. लाखो नावे खोटी निघाली. २०१६ साली तर, दर सोमवारी शिक्षकाने मुलांच्या गटांसह स्वतःचे छायाचित्र काढून ते पाठवावे, असा आदेश निघाला. विरोध झाल्यावर तो स्थगित करावा लागला. मूल मोजण्याची साधने अशी वाढत गेली. पण बोटाची शाई असो वा छायाचित्र असो, त्यातून आलेले मूल मोजता येते. न आलेल्या मुलाच्या घरी मात्र कोणाला तरी चालतच जावे लागते.

असे चालत गेलेले लोक आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात होऊन गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आपले कार्य नेले. तिथल्या वारली मुलांना गुरे राखायला जावे लागे. शाळेत येणार कशी? तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली अक्षरे गिरवीत आहेत, अशी ती कुरणशाळा. आंघोळ, खेळ, गाणी, खाऊ यांच्या जोडीने अंगणात भरणारी अंगणवाडीही त्यांचीच. अनुताईंचे निधन सप्टेंबर १९९२ मध्ये झाले. एक रुपयाच्या भत्त्याचे तेच वर्ष. वसईकरांना परिचित असलेल्या विधायक संसदेने वीटभट्टीवरील मुलांसाठी भट्टीपाशीच 'भोंगाशाळा' भरविल्या. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच मुलांना सांभाळण्याचे व शिकविण्याचे काम सुरू केले. ते १९७२ साली मुंबईत आले आणि मुंबई व नवी मुंबईच्या इमारतींच्या पायथ्याशी हजारो बालकांना त्याने सावली दिली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळेनेच मुलाकडे जावे, हे या सर्वांचे एकच सूत्र.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला आहे. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी, प्राथमिक वर्गात साधारणतः तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, शिक्षकाने तयारी धरून आठवड्याला ४५ तास काम करावे, दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये, हे सारे त्यात आहे. फुल्यांनी १८८२ साली मागितले ते १२८ वर्षांनी कायद्यात उतरले. आता दंड आईबापांना नाही. मूल शाळेत आणण्याचे कर्तव्य शासनावर आणि स्थानिक संस्थेवर टाकलेले आहे.

पण वाचकहो, कायद्यात न मावणारा एक भाग आपल्याकडे उरतो. आपली धर्मग्रामातील कुटुंबे वसईहून, गोव्याहून, कोकणातून या शहरात आली ती बहुतेक नोकरीच्या निमित्ताने. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील जिल्हा परिषदेच्या किंवा चर्चच्या आवारातील मराठी शाळेत शिकले, कित्येकांच्या घरात प्राथमिक शिक्षक होते. आपली मुले मात्र इंग्रजी माध्यमाच्या चांगल्या शाळांत गेली. त्यात गैर काही नाही. परंतु तेव्हापासून महापालिकेच्या शाळेची घंटा आपल्या कानांवर पडेनाशी झाली. आपण राहतो ती इमारत ज्यांनी बांधली, आपल्या घरी ज्या ताई भांडी घासायला येतात, त्यांचे मूल सोमवारी शाळेत गेले का, हे आपण विचारीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे जे घोषणापत्र काढले, त्यात प्रत्येक माणसाला शिक्षणाचा हक्क आहे असे सांगून, जे दरिद्री आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही, त्यांच्याकडे ख्रिस्तसभेने विशेष लक्ष द्यावे, असे म्हटले आहे. ते केवळ धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्यासाठी लिहिलेले नाही.

आम्हांला मोठ्या योजना सुचवायच्या नाहीत. रविवारी आपल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही हजेरी होते. एखादे मूल दोन रविवार आले नाही तर शिकविणाऱ्या ताई घरी विचारायला येतात आणि त्याचे आपल्याला बरे वाटते. तोच विचार सोमवारी आपल्या दारातल्या दुसऱ्या मुलापर्यंत नेता येईल. आपल्या मदतनीस ताईंना मुलाच्या प्रवेशासाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा द्यावी. दाखला नसला तरी प्रवेश मिळतो, हे त्यांना सांगावे, लागल्यास शाळेत सोबत जावे. निवृत्त शिक्षकांनी जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, महिनाभर न आलेल्या मुलांची घरे शोधायला हातभार लावावा. द ला साल यांनी हेच काम लहान मुलांकडून करून घेतले होते. मोठ्यांना ते अवघड जाऊ नये.

प्रभू येशूने शंभर मेंढरांचा दाखला दिला. नव्याण्णव सुखरूप असताना मेंढपाळ एका मेंढरासाठी रानात निघाला. आपल्या आजच्या हिशेबाने त्याची हजेरी ९९ टक्के होती आणि तेवढ्यावर त्याला प्रशस्तिपत्र मिळाले असते. तो मात्र त्या एका मेंढराला शोधीत गेला आणि ते सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन घरी आला. उद्या सकाळी पुन्हा घंटा होईल, पुन्हा नावे पुकारली जातील आणि एखाद्या नावाला उत्तर येणार नाही. त्या मुलाचे घर आपल्यापैकी कोणाला तरी ठाऊक असेल.